डग्लस स्टुअर्टवरही छापा काहीतरी

संपादक साहेब, बुकरचा विषय निघाला की तीच ती नावं येतात, ग्लासगोच्या डग्लस स्टुअर्टचं कुणी काढत नाही. सोळाव्या वर्षी दारूपायी आई गेली, पुढे टेक्स्टाईल शिकून न्यूयॉर्कला फॅशन डिझायनर झाला आणि नोकरी सांभाळत दहाएक वर्षं 'शगी बेन' ही कादंबरी लिहीत बसला, तीसच्या वर प्रकाशकांनी नाही म्हटलं आणि त्यालाच २०२० चं बुकर! आधी मिळवणारा स्कॉटिश एकच, जेम्स केलमन, १९९४ ला. खाण बंद पडलेल्या वस्तीतही नटूनथटून, लिपस्टिक लावून राहणारी 'शगी बेन'मधली शगीची आई अ‍ॅग्नेस, राग येतो पण सोडवत नाही हो. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान तरी द्या.
— एक वाचक, पुणे