पऱ्हाटीनं न पिलेलं पाणी

संपादक महोदय,

दिवाळीआधी एक तरुण मोबाइल घेऊन आमच्या बांधावर आला. परदेशातल्या कापडवाल्यांसाठी कापसाचा पर्यावरणाचा हिशेब मांडायचाय म्हणाला. पाण्याच्या पाळ्या किती? मी शून्य सांगितलं. मानवत तालुक्यातलं माझं ७ एकर रान निव्वळ कोरडवाहू. विहीर नाही, बोअर नाही. पण मोबाइल शून्य घेईना. "काका, एक टाकतो, नाहीतर फॉर्म पुढं जात नाही," म्हणाला आणि टाकली.

एकराला ६ सेंटिमीटरची एक पाळी धरली तरी जवळपास अडीच लाख लिटर होतात. सात एकरांचे १७ लाख. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला येणारी ५० वाघिणींची पाणीगाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. माझी लेक लातुरात आहे, त्या उन्हाळ्यातल्या हंड्यांच्या रांगा मी पाहिल्यात. म्हणून ही एक पाळी मला सहन होत नाही.

हिशेबाला माझा विरोध नाही. बियाणं रानात पडल्यापासून सदरा फाटून टाकेपर्यंतचा पर्यावरणावरचा भार मोजणं, म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन, व्हायलाच पाहिजे. माझा युरिया आणि फवारण्याही त्यात याव्यात. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि सेटॅक ही शास्त्रज्ञांची संस्था यांनी २००२ मध्ये यासाठी एकत्र उपक्रम सुरू केला.

मी २८ वर्षं जिनिंगमध्ये दिवाणजी होतो. क्विंटलभर कापसाला रुईचा उतारा ३४-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं, पेंड म्हशी खातात. अशा हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४०४४ सांगतं, रुई-सरकीसारख्या एकत्र निघणाऱ्या मालांत शक्यतो भाराची वाटणी टाळा. नाहीच जमलं तर वजनासारख्या मोजमापानं करा, तेही नसेल तर किमतीनं. वजनानं केली तर निम्म्याहून जास्त भार सरकीवर जातो, भावानं केली तर रुईवर. कुठली रीत धरली, हे त्या तरुणाला विचारलं. त्याच्या फॉर्मात सरकीच नव्हती!

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं कोरडवाहू कापसाचे आकडे रानात मोजून देशोदेशीचे माहितीसाठे जोडणाऱ्या ग्लॅड या जाळ्यापर्यंत पोचवावेत. भरलेला फॉर्म मराठीत शेतकऱ्याला वाचून दाखवावा, मगच पाठवावा. आणि माझ्या नावावरची ती एक पाळी खोडायला कुणाकडं जायचं, हे वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर आपल्या वृत्तपत्रातून कळवावं.

एक कापूस उत्पादक, ता. मानवत, जि. परभणी