जागेवर प्रिंट देण्याचं कबूल करून न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
छायाचित्रण सेवा विभाग

विषय : कार्यक्रमाच्या ठिकाणी लगेच छापील फोटो देण्याचा करार न पाळल्याबाबत

महोदय,

आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं झाली म्हणून गेल्या रविवारी ठेवलेल्या कार्यक्रमाच्या फोटोंचं काम मी तुमच्याकडे दिलं होतं. नुसते फोटो काढणारे पुष्कळ होते. तुम्हाला निवडलं ते एकाच गोष्टीसाठी : प्रत्येक पाहुणा निघताना हातात छापील फोटो घेऊन जाईल, असं तुम्ही लेखी दिलं होतं. पाहुण्यांपैकी निम्मे सत्तरीच्या पुढचे. त्यांना नंतर लिंक पाठवली काय आणि न पाठवली काय, सारखंच.

फोटो काढायला एक माणूस, छापायला दुसरा, आणि डाय-सब्लिमेशनचे (रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारे) दोन प्रिंटर, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात एकच मुलगा आला, आणि त्याच्यासोबत घरात वापरतात तसला, शाईचे थेंब फवारून छापणारा एक इंकजेट प्रिंटर. मुलगा भला होता, माझा राग त्याच्यावर नाही. पण एकाच माणसाने फोटो काढायचे, कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावायचं, फोटो निवडायचा, छापायचा आणि तो कोणाचा हे शोधत मांडवभर फिरायचं, हे जमणार कसं? तो छापायला बसला की फोटो थांबत, कॅमेरा उचलला की प्रिंट थांबत.

डाय-सब्लिमेशनवर 4 बाय 6 इंचाची प्रिंट साधारण 10 ते 15 सेकंदांत निघते, वर संरक्षक थर येतो आणि ती कोरडीच हातात पडते, हे मला तुमच्याच प्रतिनिधीने समजावलं होतं. इथे एका प्रिंटला दोन-अडीच मिनिटं लागत होती. तीन तासांत 200 पाहुण्यांना ती कशी पुरणार, हा हिशोब तुम्ही आधीच करायला हवा होता. शेवटच्या तासात पिवळी शाई संपली. त्यानंतरच्या प्रिंटांत सगळ्यांचे चेहरे जांभळट. सुटी शाई सोबत आणलेली नव्हती. एकूण 61 प्रिंट वाटल्या गेल्या, त्यातल्या 14 अशा.

बाबांचे शाळेपासूनचे एक मित्र काठी टेकत आले होते. बाबांचा आणि त्यांचा एकत्र फोटो काढला, आणि ते मित्र प्रिंटच्या टेबलाशेजारी खुर्चीवर चाळीस मिनिटं बसून राहिले. शेवटी त्यांना न्यायला आलेली गाडी थांबेना, म्हणून ते रिकाम्या हाताने गेले.

चूक माझीही आहे, ती कबूल करते. मी तुमचा अल्बम पाहून भुलले. अल्बममध्ये फोटो दिसतात, छपाईचं टेबल दिसत नाही. कोणता प्रिंटर, तो चालवणार कोण, कागद-रिबन किती प्रिंटांची, हे तिथल्या तिथे दाखवा म्हणायला हवं होतं. पण लेखी दिलेल्या गोष्टीही ग्राहकाने दारात उभं राहून तपासायच्या असतील, तर करार कशाला करायचा?

दुसऱ्या दिवशी मेसेजवर जे फोटो आले ते 640 बाय 960 पिक्सेलचे. 4 बाय 6 ची चांगली प्रिंट काढायला 300 डीपीआयच्या (एका इंचात 300 ठिपके) हिशोबाने 1200 बाय 1800 लागतात. म्हणजे आम्ही स्वतः छापून घेऊ म्हटलं, तर तीही सोय नाही.

माझ्या मागण्या अशा : जागेवर छपाईसाठी घेतलेली रक्कम पूर्ण परत करावी. सर्व फोटोंच्या मूळ आकाराच्या फाइल आठ दिवसांत द्याव्यात. ज्यांना प्रिंट मिळाली नाही किंवा जांभळी मिळाली, त्यांच्या प्रिंट तुमच्या खर्चाने त्यांच्या पत्त्यावर पोहोचवाव्यात. पत्ते मी देईन. बाबांच्या त्या मित्रांची प्रिंट सगळ्यात आधी पाठवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
(स्वाक्षरी)

सोबत : कराराची प्रत, पैसे भरल्याची पावती, जांभळट प्रिंटांचे दोन नमुने