श्रावणघेवड्याच्या शिरा आणि ‘हायब्रिड’वरचा आळ

महोदय,

आपल्या पुरवणीतील परसबागेच्या लेखात श्रावणघेवड्याच्या शेंगांना शिरा, म्हणजे कडेने निघणारे चिवट दोरे, येण्याचा दोष ‘हायब्रिड’ बियाण्यावर आणि रासायनिक खतांवर टाकला आहे. ही समजूत जुनी असली तरी चुकीची आहे. या पिकाचे फूल उमलेपर्यंत त्यात बहुधा स्वपरागण, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी फलन, होऊन गेलेले असते. त्यामुळे टोमॅटो-मिरचीसारखे संकरित बियाणे येथे रूढ नाही, आणि पेरले जातात ते सरळ (संकर न केलेले) वाण असल्याने त्यांचे बी शेतकऱ्याला घरी धरता येते.

शीर हा या वेलीचा मूळ स्वभावच आहे. मेक्सिकोपासून अँडीजपर्यंत उगवणाऱ्या रानटी घेवड्याची वाळलेली शेंग तंतूंच्या ताणाने पिळवटून फुटते आणि बी लांब उडते. शेंगेचे गुण पिढीजात उतरतात, हे आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलनेही १८६६ च्या आपल्या निबंधात नोंदवले होते. वाटाण्याबरोबर त्याने घेवड्याचाही संकर केला होता, एवढे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

बिनशिरेचा घेवडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क राज्यातील कॅल्व्हिन कीनी यांनी प्रसिद्धीस आणला. त्यामागचे कारण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. अशा वाणांत ‘पीव्हीआयएनडी’ या जनुकाच्या लागोपाठ दोन प्रती असतात आणि त्यांच्यामध्ये डीएनएचा एक भटका तुकडा शिरलेला असतो. त्यामुळे हा जनुक वाजवीपेक्षा जास्त काम करतो, आणि एरवी शेंग उकलण्याच्या अरुंद रेषेपुरत्या असणाऱ्या कमकुवत पेशी शिरेच्या जागीही पसरतात आणि तेथे चिवट तंतू धरत नाहीत. ही रचना कधीकधी आपोआप मोडते, आणि मग उत्तम वाणातले एखादे झाड पुन्हा शिराळ शेंगा देऊ लागते. काही वाणांत कडक उन्हाळ्यानेही थोड्याफार शिरा धरतात. पण त्या खताने नव्हेत.

कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासारख्या, दाण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या वाणांत शीर हा दोष मानण्याचे कारण नाही. कोवळ्या शेंगांसाठी बी राखणाऱ्यांनी मात्र प्रत्येक झाडाची एक शेंग मोडून पाहावी आणि दोरा निघाला, तर त्या झाडाचे बी धरू नये. लेखातील चौकटीत ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा