केदारनाथचं बुकिंग रद्द केलंय

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितोय. केदारनाथचं बुकिंग मी काल रद्द केलं. न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही मलाच पटवलं असतं.

रात्रभर हिशेब करत बसलो होतो. गौरीकुंडापासून 16 किलोमीटर चढ, वर साडेतीन हजार मीटरची उंची, आणि तुमचा स्टेंट जानेवारीतला. घोडा, डोली, हेलिकॉप्टर, सगळं बघितलं. त्यानं पायांची सोय होते, हवेची होत नाही. पैसे किती कापले ते मात्र विचारू नका. आई, लोकरीचे मोजे राहू देत गं, थंडीत लागतील. (सोलापुरात कसली थंडी, असं म्हणू नकोस.)

बाबा, मिलची तिसरी पाळी सुटली की तुम्ही घरी यायच्या आधी सिद्धेश्वर तळ्यावर बसायचात. एकदा मी विचारलं होतं, कुठला मंत्र म्हणता? तुम्ही म्हणालात, "काही नाही रे, मागांचा आवाज कानातून जाऊ देतोय." इथे पुण्यात ऑफिसातून निघाल्यावर मी पाच मिनिटं गाडी सुरू न करता बसतो. तळं नाही, पण तेच करतो.

या वर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा दवाखान्यातच गेला. मी लहान असताना बाराबंदी घालून, मला खांद्यावर घेऊन तुम्ही नंदीध्वजांमागे गावभरची 68 शिवलिंगं फिरायचात. मी झोपायचो, आणि "बोला हर्र" म्हटलं की तुमची पाठ थरथरायची नि मी जागा व्हायचो.

तीच 68 लिंगं आता सावकाश करा. आठवड्याला दोन. हिशेब केलाय, 34 आठवडे, पुढच्या गड्ड्याआधी, 12 जानेवारीच्या आत होतात. चालत नाही, रिक्षानं. पहाटे साडेपाचला निघायचं, साताच्या आत घरी. त्यानंतरचं ऊन तुम्हाला माहितीये. अनवाणी फरशीवर फिरायचं नाही. जिभेखालची गोळी सदऱ्याच्या वरच्या खिशात, पिशवीत नाही. मोबाईल चालू. आई सोबत असेल तरच. आणि शेंगाचटणी एक चमचा, बाबा, एकच!

रागावला असाल तर रागवा. शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतोय, जेवायला थांबू नका, दार तेवढं उघडं ठेवा. रविवारी पहाटे पहिली दोन लिंगं आपण तिघं करू. मग थोडा वेळ तळ्यावर बसू.

तुमचा,
बाळू