मोरी बांधा, पण पुन्हा नळ्यांची नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भोर तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या वाडीला मुख्य रस्त्याशी जोडणारी ओढ्यावरची मोरी गेल्या पावसाळ्यातील पुरात खचली. दोनपैकी एक नळा जागेवरून सरकला, भराव वाहून गेला आणि निम्माच रस्ता उरला. तेव्हापासून दुधाची गाडी ओढ्याच्या अलीकडे थांबते, कॅन डोक्यावरून न्यावे लागतात. भर पावसात बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या एका लेकीला झोळीतून पलीकडे न्यावे लागले, तो प्रसंग वाडी विसरलेली नाही.

आता दुरुस्तीची हालचाल सुरू झाली, याचे समाधान आहे. परंतु जुन्याच मापाचे दोन नळे टाकून वर मुरूम पसरण्याचा विचार असल्याचे समजते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही मोरी आधी तुंबली आणि मग फुटली. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला की ओढा तासाभरात भरतो आणि झाडांची खोडे, बांबू, पालापाचोळा घेऊन येतो. हे सारे दोन नळ्यांच्या मधल्या भागाला आडवे लागून तोंड बुजते, पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि खालच्या अंगाला कोसळताना भरावाचा पायथा उकरते. एकदा नळा उघडा पडला की तो सरकायला वेळ लागत नाही. त्यातच अलीकडे डोंगरउतारावर प्लॉटिंगसाठी होणाऱ्या खोदाईची माती आणि दगड याच ओढ्यात उतरतात. मोरी प्रथम बांधली तेव्हाचे पाण्याचे गणित आज धरून चालणार नाही.

रस्ते व पुलांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार ६ मीटरपर्यंत लांबीचे बांधकाम मोरीतच मोडते. त्या मर्यादेत, मधला आधार नसलेली एकाच गाळ्याची काँक्रीटची पेटी मोरी (नळ्यांऐवजी चौकोनी पेटीसारखा मार्ग असलेली) येथे बांधावी, म्हणजे ओंडके अडकणार नाहीत. खालच्या अंगाला दगडी फरसबंदी आणि तिच्या टोकाशी खोल नेलेली आडवी भिंत हवीच, कारण आमच्या मोरीचा घात तिथूनच झाला.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. तेथील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेल्यावर मोठ्या पुलांच्या तपासणीची चर्चा राज्यभर झाली. वाड्यावस्त्यांच्या मोऱ्यांकडे मात्र त्या फुटेपर्यंत कोणी पाहत नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

काम दिवाळीनंतर, ओढ्याचे पाणी उतरताच सुरू व्हावे आणि मेअखेर संपावे. अंदाजपत्रक करण्यापूर्वी अभियंत्यांनी एकदा वाडीत यावे. पुराचे पाणी कोणत्या दगडापर्यंत चढले होते, ते येथील वृद्ध मंडळी जागेवर उभे राहून दाखवतील.

आपला,
एक वाचक, ता. भोर, जि. पुणे