सेटचा नियम पोरींना आधी सांगणार कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

महिला दिन आला की आमच्या बेळगावच्या कॉलेजांत भाषणं, शाल-श्रीफळ, फोटो सगळं होतं, पण कामाची गोष्ट पोरींना कोणी सांगत नाही. सेट म्हणजे कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा, आणि जून २००२ नंतरची सेट फक्त ज्या राज्याची दिली तिथंच चालते. इथल्या कितीतरी मुली एमएला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातात, मैत्रिणींबरोबर महाराष्ट्राचीच सेट देतात, पास पण होतात, आणि परत खानापूर-बेळगावला आल्या की कळतं, पीएचडी नसेल तर इथं केसेट म्हणजे कर्नाटकची सेट, नाहीतर नेट म्हणजे देशपातळीवरची परीक्षा पाहिजे. निपाणीच्या पोरीचं उलटं, केसेट काढली नि सासर मिळालं महाराष्ट्रातलं कागल, मग बसा परत अभ्यासाला, तेही मूल मांडीवर घेऊन. नेट दोन्हीकडं चालते, एवढं एखाद्या मॅडमनी एमएच्या पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर!

पोरांना हे कळतं टपरीवर, सरांबरोबर चहा पिताना. कुठं पोस्ट निघणार, पीएचडीला कुठल्या गाईडकडं जागा आहे, सगळं तिथंच. कर्नाटकच्या शक्ती योजनेत २०२३ पासून बायकांना सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत म्हणून खेड्यातल्या पोरींचं जाणंयेणं सोपं झालं हे खरं, पण असल्या गप्पांना थांबायचं कसं, शेवटची बस कोणासाठी थांबत नाही, आणि मॅडमना पण घरी स्वयंपाक असतोच की.

२०२१-२२ च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या कॉलेज-विद्यापीठांच्या शिक्षकांत बायका ४३ टक्के होत्या, म्हणजे शिकवायला आहेत. पण प्रिन्सिपल व्हायला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमानं पीएचडी, १५ वर्षं सर्व्हिस आणि कमीत कमी १० रिसर्च पेपर लागतात, त्याची तयारी नोकरी लागल्यापासूनच करावी लागते. मॅडमकडं काय येतं, तर स्वागत, रांगोळी, गॅदरिंग. परीक्षा, खरेदी, बांधकामाच्या कमिट्या सरांकडं, आणि वर परत म्हणायचं मॅडमना ॲडमिनिस्ट्रेशनचा अनुभव नाही! पीएचडी करताना बाळंतपण, मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि बायकांना २ वर्षं जादा मुदत मिळते, यूजीसीच्या २०२२ च्या नियमातच आहे, पण ते माहीत नसल्यामुळं अर्ध्यात सोडलेल्या माझ्या ओळखीत आहेत.

तेव्हा प्रत्येक कॉलेजनं महिन्यातून एक तास टाईमटेबलमध्येच ठेवावा, बसच्या आधी, सिनियर मॅडमनी ज्युनियर मॅडम आणि मुलींबरोबर बसायचं. आणि तो तास वर्कलोडमध्ये धरा, फुकटची सेवा नको. रिटायर झालेल्या मॅडम बेळगावातच टिळकवाडी, शहापुरात आहेत की, बोलावून तर बघा.

- एक गेस्ट लेक्चरर, खानापूर