दादा, हे आईबाबांना वाचून दाखव

आई, बाबा, सा.न.वि.वि.

मी एकदम बरी आहे, हे आधीच लिहून टाकते म्हणजे आईला पुढचं नीट ऐकू येईल. जेवण होतं, झोप होते, थंडी सुरू झाली पण घरात हीटर आहे आणि जॅकेट नवीन घेतलं, चांगलं, स्वस्तातलं नाही. ड्युटीचं काय सांगू, तेच चाललंय, तुम्हाला माहीतच आहे. फोनवर बोलणं पुरत नाही, रेंज जाते नाहीतर मागून कोणीतरी येऊन बसतं आणि मग आई "बरं ठेव बाई, पैसे लागतात" म्हणते. व्हॉट्सॲपला पैसे लागत नाहीत आई!! म्हणून हे लांबलचक टाईप करून राहिली.

तर आधी त्या फोटोचं. मामीनं तो पाहून बाबांना सांगितलं की मी कुठल्यातरी पंथात गेली, ते मला दादाकडून कळलं. मी कोणत्याही पंथात गेली नाही. तोंडाला गुंडाळलेली ओढणी आपल्याच वडशाच्या बाजारातली आहे, आई, तूच घेऊन दिली होती, आणि डोळे निळे दिसून राहिले ते मोबाईलच्या ॲपनं केलेत. ते एका सिनेमातलं सोंग आहे. सिनेमाचं नाव ड्यून. पहिला भाग २०२१ ला आला, दुसरा मार्च २०२४ ला, तिसऱ्याची तारीख १८ डिसेंबर २०२६ जाहीर झालीय, शूटिंग जुलै २०२५ ला बुडापेस्टला सुरू झालं. आणि सिनेमा यायच्या कितीतरी आधीपासून इथले लोक भांडून राहिले की त्यात काय होणार.

गोष्ट थोडक्यात सांगते नाहीतर पुढचं समजणार नाही. आराकिस नावाचा ग्रह आहे, सगळी वाळू, पाणी जवळजवळ नाहीच, पण त्या वाळूत एक मसाला निघतो आणि तो नसला तर एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जहाजं जाऊ शकत नाहीत, म्हणून सगळ्या राजघराण्यांचा त्याच्यावर डोळा. तिथं राहणाऱ्यांचे डोळे तो मसाला पोटात जाऊन जाऊन निळे होतात (म्हणून फोटोत निळे, मामीला सांगा). एका घराण्याचा पोरगा, पॉल, त्याच्या बापाला दगा देऊन मारतात, तो वाळवंटातल्या लोकांत जातो, ते त्याला देव मानायला लागतात आणि शेवटी तो बादशहाला हरवून गादी घेतो. आणि गादीसाठी बादशहाच्या पोरीशी, इरुलानशी लग्न करतो म्हणतो. जिच्यावर खरं प्रेम ती चानी तिथंच उभी आहे, तिच्यासमोर. ती काही बोलत नाही, निघून जाते, वाळवंटात जाऊन वाळूतली ती भली मोठी अळी बोलावते, तिच्यावर बसून जायला. बस, इथं दुसरा भाग संपला.

आता भांडण कशावरून ते सांगते. हे सगळं फ्रँक हर्बर्टच्या पुस्तकातलं आहे, पहिलं पुस्तक १९६५ चं. त्यात चानी जातच नाही, राहते त्याच्यासोबत, राणी म्हणून नाही पण बायकोसारखीच. सिनेमावाल्यानं, डेनी विलनव्हनं, ते बदललं. आणि तिसरा भाग निघून राहिला दुसऱ्या पुस्तकावर, ड्यून मेसाया, ते १९६९ चं. म्हणजे बाबा, तुमच्या जन्मसालचं पुस्तक आहे, दुकानात मिळतं, कोणीही वाचावं. तरी त्यातलं कोणाला सांगायचं नाही! सांगितलं तर तो इथं गुन्हा आहे.

आमच्या वॉर्डातली सिनियर नर्स आहे, पन्नाशीची, खूप जीव लावते मला. तिच्या घरी गुरुवारी संध्याकाळी सातआठ जण जमतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिनं खाकी कागद लावलाय आणि त्यावर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या, तिसऱ्या भागात काय होणार ते लिहून. ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांच्या पिवळ्या, वाचलेल्यांच्या निळ्या, आणि निळ्या चिठ्ठ्या उलट्या लावायच्या, लिहिलेली बाजू भिंतीकडे. म्हणजे आम्ही लिहायचं पण कोणी वाचायचं नाही, सिनेमा लागल्यावर पाहायचं कोणाचं बरोबर आलं. बोलता बोलता पुस्तकातलं काही तोंडून निघालं की टेबलावर काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी ठेवलीय, त्यात एक युरो टाकायचा. त्या पैशाची तिकिटं काढणार म्हणे. आणि हे हसण्यावारी नाही, चांगले शिकलेले लोक, एक जण तर लॅबचा हेड आहे, तो एकदा खरंच रागानं उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला कारण कोणीतरी "जुळी" एवढा एकच शब्द बोललं.

मी त्यांना आपल्याकडचं सांगितलं. म्हटलं आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की होळीपर्यंत नाटकं चालतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, दहा वाजता पडदा वर जातो ते उजाडेपर्यंत, आणि माझे बाबा आदल्या दिवशीच पानठेल्यावर बसून सगळ्यांना सांगतात की तिसऱ्या अंकात सासू मरते आणि भाऊ तुरुंगातून सुटून येतो. कोणी रागावत नाही. उलट लोक विचारतात, रडायचं केव्हा आहे, तोपर्यंत चहा पिऊन येतो. रामायणात पुढं काय होणार हे कोणाला माहीत नाही? तरी सप्ताहाला मंडप भरतोच ना. तर ते लॅबवाले साहेब मला विचारतात, मग तुम्ही पाहता कशासाठी? आता याला काय सांगू. म्हटलं, कसं मरते ते पाहायला.

बाबा, तुम्हाला मी सगळं सांगून टाकते, तुम्ही कुठं बरणीत पैसे टाकणार आहात. (दादा, तुला सिनेमा पाहायचा असेल तर एवढं मनात वाचू नको, नुसतं मोठ्यानं वाच.) पुस्तकात मधे बारा वर्षं जातात. पॉल बादशहा झालाय आणि त्याच्या नावानं त्याच्या लोकांनी ६१ अब्ज माणसं मारलीत, हा आकडा तो स्वतःच सांगतो. त्याच्याविरुद्ध कट होतो, कटात इरुलान पण, आणि ती चानीला पोर होऊ नये म्हणून तिच्या जेवणात चोरून औषध घालते (आई, तुझ्या सिरियलमध्ये हे झालं होतं ना?). पॉलचे डोळे जातात. चानीला जुळी होतात आणि ती बाळंतपणातच जाते. आणि त्या लोकांत आंधळ्या माणसानं वाळवंटात निघून जायचं असा रिवाज, तर तोही सगळं राज्य सोडून एकटा चालत निघून जातो.

आता सिनेमात चानी रुसून गेलीय, तर जुळी येणार कुठून? हाच खरा प्रश्न आहे, यावरच भिंत भरली. एकाचं म्हणणं ती जातानाच पोटुशी होती, पण मग पोरं बारा वर्षांची होतील. दुसरी म्हणते कट चानीच करणार, इरुलानच्या जागी. तिसरं म्हणणं की पॉलला पुढचं दिसतं, त्याला माहीत आहे ती परत येणार, म्हणून तो तिला अडवतच नाही. आणि डंकन आयडाहो म्हणून एक शिपाईगडी आहे, पहिल्या भागात पॉलला वाचवताना मरतो, त्याचं काम करणारा जेसन मोमोआ तिसऱ्या भागात आहे हे जाहीर झालं, मग मेलेला येणार कसा? एक्स-रे विभागातला पोट्टा छातीठोकपणे सांगतो की जुन्या आठवणी दाखवतील. त्यानं पुस्तक वाचलं नाही. तो बोलायला लागला की निळ्या चिठ्ठीवाले सगळे छताकडे पाहतात. (प्रेतातून माणूस परत बनवतात, लोखंडी डोळे बसवून, आणि पॉललाच भेट देतात, पॉलचा घात करायला.)

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं चानी परत येणार, पण त्याच्यासाठी नाही. तिचं गाव आहे, तिची माणसं आहेत, त्यांचं जे होऊन राहिलं ते तिला लांबून पाहवणार नाही. सिनियर म्हणाली, असं असतं तर ती गेलीच नसती. मी म्हटलं जाणं वेगळं असतं. एवढं बोलून मी चिठ्ठी लावली, निळी, उलटी. काय लिहिलं ते तुम्हाला पण नाही सांगत.

बाबा म्हणतील एवढं डोकं बारावीत लावलं असतं तर. बाबा, आठवड्यातून एक संध्याकाळ आहे ती. बाकी ड्युटी आणि झोप. आणि तिथं दारू नसते, म्हणजे बीअर असते टेबलावर, इथं ती सगळ्यांच्याच टेबलावर असते, मी सफरचंदाचा रस घेते, विश्वास ठेवायचा तर ठेवा. घरी येताना रात्रीचे अकरा होतात पण ट्राम दारापाशी येते, दिवे असतात, माणसं असतात. तुम्ही मला विचारता भीती वाटत नाही का. मला तुमचीच वाटते. मागच्या महिन्यात तलावाच्या पाळीवर वाघाच्या पाऊलखुणा दिसल्या हे दादानं मला सांगितलं, तुम्ही दोघांनी काऊन लपवलं? धान कापायला गेलात तर घोळक्यानं जात जा, आई तू बांधीत एकटी वाकून बसू नको, आणि तणसाच्या ढिगामागं संध्याकाळी अजिबात नाही. हे वाचून झाल्यावर "हो हो" म्हणू नका.

मंडईच्या जत्रेचा व्हिडिओ पाहिला. दंडारीचा खेळ छान झाला. बाबा बारीक दिसले.

आता कामाचं. पैसे टाकलेत, ऐंशी हजार, सोमवारपर्यंत खात्यात दिसतील. त्यातले पन्नास सोसायटीच्या पीककर्जाला ठेवा, ३१ मार्चच्या आत भरलं की व्याज बसत नाही, मागच्या वर्षीसारखं धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहत बसू नका, चुकारा येईल तेव्हा येईल. उरलेले दादाच्या लग्नाचे. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय तर नवरीला एकच काहीतरी चांगलं करा, लोक काय म्हणतील ते म्हणू दे, आणि माझे कानातले मोडायचे असतील तर मोडा, कपाटात खालच्या खणात आहेत, मला इथं घालायला होत नाहीत.

लग्नाला मी येणार, मे महिन्यात पंधरा दिवस सुट्टी मंजूर झाली. इथं वर्षभराची सुट्टी नोव्हेंबरातच लिहून द्यावी लागते, नंतर बदलत नाहीत. म्हणून पुढच्या दिवाळीला येणं होणार नाही, हे आत्ताच सांगते म्हणजे आई फराळाच्या वेळी वाट पाहणार नाही. तीन दिवस उरले होते ते डिसेंबरात टाकले. हो, अठरा तारखेच्या जवळपास, आता दादा हसेलच. तीन दिवसांत तसंही गावापर्यंत येणं होत नाही आई, जाण्यायेण्यातच जातात, मी हिशोब केला होता. खरंच केला होता.

आरमोरीच्या स्थळाचं, बाबा, त्यांना नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका. मुलाचा फोटो मावशीनं पाठवला, चांगला आहे दिसायला. पण तो म्हणतो लग्नानंतर नोकरी गावाकडंच करायची, आणि माझं इथलं काँट्रॅक्ट अजून संपलं नाही, मधेच सोडलं तर भाषेच्या कोर्सचे पैसे परत मागतात. त्याला माझा नंबर द्या, मीच बोलते त्याच्याशी. मेपर्यंत थांबायला तयार असेल तर भेटू, नसेल तर त्याचंही वय चाललंय, त्याला अडकवून ठेवू नका. मामीला यातलं काही सांगू नका.

गुरुवारी रात्री फोन लावू नका, शुक्रवारी तुमच्या दुपारी मीच लावते. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते दादानं आधी कळवावं, फोटो काढून पाठव, मी इथं दाखवते.

तुमची,
मोठी

ता.क. ऐंशीतले दोन हजार बाबांचे, नाटकाच्या तिकिटाला. पुढच्या रांगेत बसा, आणि ठेल्यावर शेवट सांगितला तर मला पण सांगा.